कुंपणातली जागा

बुलडोझर कुंपणाला अदबीनं वळसा घालून पुढे गेला आणि मी टाळ्या वाजवल्या. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

हॉटेलवाले त्या दिवसापासून आमच्या बेटाचा किनारा सपाट करणार होते, म्हणून आम्ही आठ जण सकाळीच पूर्वजांच्या दफनाच्या जागेपाशी येऊन उभे होतो. काळ्या लाव्हाच्या दगडांचा ढीग, भोवती हॉटेल कंपनीनं घातलेलं कुंपण, वर पितळी पाटी. सतरा वर्षांपूर्वी कंपनीच्या पाहणीच्या वेळी मोकीकाकानं, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, हीच जागा दाखवली होती. तेव्हापासून दरवर्षी मी इथे हिरव्या पानात बांधलेलं पुडकं ठेवते. आत मीठ आणि तारोच्या, म्हणजे अळूच्या, कंदाचा तुकडा. आजही ते हातात होतं.

काकानं मात्र टोपी काढून वाळूत आपटली.

"टाळ्या कसल्या वाजवतेस? वाळूच्या टेकडीकडे चाललाय तो."

"जाऊ दे की. नुसती झुडपं आहेत तिथे. पोहण्याचा तलाव करणारेत."

"तिथेच आहेत सगळे," काका पुटपुटला. "माझी आजीसुद्धा."

"मग हे काय आहे?"

"हा? हा आमच्या आजोबांचा डुकरांचा गोठा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सतरा वर्षं मी गोठ्यापुढे मान झुकवत होते! पर्यटक इथे फुलं वाहतात!

"चांगली डुकरं होती," काका म्हणाला. "नावं होती त्यांना."

हसायची वेळ नव्हती. आमच्यात हाडं कुठे पुरली ते सांगत नाहीत. घरातल्या एकालाच ते ठाऊक असतं आणि तो जाण्याआधी दुसऱ्या एकाच्याच कानात सांगतो. परक्यानं विचारलं तर भलतीच जागा दाखवायची, हे काकाला त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. तो इमानानं खोटं बोलला आणि कंपनीनं इमानानं गोठ्याला कुंपण घातलं.

"आता तरी सांग त्यांना!" मी ओरडले.

"सांगितलं की उकरून बघतील."

एवढं बोलून एक्याऐंशी वर्षांचा तो माणूस काठी टेकत असा निघाला की मला पळावं लागलं. बुलडोझरच्या पात्यापुढे चार हातांवर जाऊन तो वाळूत बसला. चालवणारा अलापाकी, माझ्या मामेबहिणीचा नवरा. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"काका, उठा हो. माझी नोकरी जाईल!"

"मग इंजिन बंद कर आणि माझ्यावर ओरड. नीट ऐकू येत नाहीये."

अलापाकीनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात नकाशाची गुंडाळी घेऊन डेरिल नाकामुरा धावत आला. जुन्या जागांची तपासणी करायला कंपनीनं नेमलेला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा.

"उइलानी, हे काय नवीन?"

"पूर्वज इथे आहेत. तिथे नाहीत."

"सतरा वर्षांपूर्वी काकांनी सही केलीये!"

"खोटी होती."

डेरिलनं कपाळाला हात लावला. मग काकासमोर गुडघ्यांवर बसून त्यानं नकाशा वाळूवर पसरला. "काका, पोलीस अर्ध्या तासात येतील. त्याआधी मला इथे एक टिंब द्या. तिथे हातानं, ब्रशनं, हळूहळू उकरून खात्री करतो. एक हाड दिसलं तरी काम कायमचं बंद."

काकानं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. टिंब दिलं तर आजीच्या हाडांवर ब्रश फिरणार, नाही दिलं तर पातं.

"इकडे ये," तो मला म्हणाला. मी वाकले. त्यानं माझ्या कानात तीन वाक्यं सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही.

"काय म्हणाले?" डेरिलनं विचारलं.

मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि काळ्या खडकापासून ओढ्यापर्यंत अख्ख्या टेकडीभोवती रेघ मारली.

"हे सगळं."

"अगं, अर्धं हॉटेल आलं त्यात! नक्की कुठे?"

"मला माहीत नाही."

"आत्ता कानात सांगितलं ना त्यांनी?"

"पाणी दे म्हणाले."

डेरिल माझ्याकडे बघत राहिला. मी नजर हलवली नाही. "लिहून घे," मी म्हणाले. "टेकडीत पूर्वज आहेत, नेमकी जागा ठाऊक नाही. सही माझी. खोटं निघालं तर मला कोर्टात खेच."

त्यानं लिहून घेतलं. हाडांच्या प्रश्नावर निर्णय देणारी परिषद सहा आठवड्यांनी बसणार होती. तोवर काम बंद. अलापाकीनं बुलडोझर मागे घेतला आणि डेरिलच्या माणसांनी टेकडीभोवती पिवळी पट्टी बांधली. दोघा-तिघांत कुजबुज चालू होती. मी कुठे बघते, कुठे थबकते, यावर सगळ्यांचे डोळे होते. पुडकं अजून माझ्या हातात होतं, पानं घामानं ओली झाली होती.

ते कुठे ठेवायचं ते मला आयुष्यात पहिल्यांदा नीट ठाऊक होतं. तिथवर वीस पावलंसुद्धा नव्हती.

मी टेकडीकडे पाठ फिरवली, कुंपणापाशी गेले, पुडकं डुकरांच्या गोठ्यावर ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत मान झुकवली.