खाडीचं पुस्तक आणि दोन फ्लॉप्या

मालन गेली आणि दीडेक महिन्याने वाचनालयाचा सुधीर गुणाजीकडे फ्लॉप्या मागायला आला. गुणाजीने त्या देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवल्या होत्या. दोन काळ्या फ्लॉप्या, वर मालनच्या अक्षरात चिठ्ठ्या: खाडी एक, खाडी दोन.

“काका, गुढीपाडव्याला वेबसाइट सुरू करतोय,” सुधीर म्हणाला. “आपली जुनी पुस्तकं कुणालाही, कुठंही बसून वाचता येतील. अमेरिकेतसुद्धा. आणि पहिलं पुस्तक मालनकाकूंचं.”

“अमेरिकेत कोण वाचतोय आमच्या खाडीचं?”

“का? आपल्या कोळीवाड्यातलीच दोन पोरं तिकडं आहेत. विसरलात?”

गुणाजी हसला. मालन गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल.

पुस्तक काही मालनने लिहिलेलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी ठाण्यातल्या कुणा मास्तरांनी खाडीची हकीकत लिहिली होती. बंदरं, मिठागरं, कोळ्यांची घराणी, कुणाच्या होड्या कुठवर जायच्या, सगळं त्यात होतं. वाचनालयात एकच प्रत उरली होती, दुसरीकडे कुठंच नव्हती, आणि तिचा कागद पापडासारखा झाला होता. झेरॉक्सवाल्याने तिला हात लावायला नकार दिला. पानांचे फोटो वेबसाइटवर टाकले तर टेलिफोनच्या लाइनवर एकेक पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येईल, असं सुधीरचं म्हणणं. म्हणून टाइप करायचं ठरलं, आणि ते काम मालनकडे आलं.

मालन कल्याणच्या एका छापखान्यात आधी अक्षरांचे खिळे जुळवायची. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला, तोही ती शिकली. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी तो कॉम्प्युटर तिलाच देऊन टाकला. त्याच्या पाठीमागे काडेपेटीएवढी एक पांढरी डबी खोचलेली असायची. तिला लॉक म्हणत. ती जागेवर असली तरच मराठीचा प्रोग्राम चालायचा. “अहो, मागच्या डबीला धक्का लावू नका हं,” मालन दर वेळी बजावायची. गुणाजीला वाटायचं, वायर सैल असेल. खोपटच्या डेपोत आयुष्यभर एसटीची इंजिनं खोलली, पण या यंत्राच्या वाटेला तो गेला नाही.

निम्मं पुस्तक झालं आणि तिच्या पोटातला आजार कळला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. ती पाठीला उशी लावून बसायची. पान उलटलं की मोडायचं. टाइप झालेल्या पानाचे तुकडे ती एका पिशवीत जपून ठेवायची. “पुस्तक संपत चाललंय बघा,” म्हणायची, “पण इकडे उतरतंय.” मधेच काही तरी वाचून दाखवायची. गुणाजी हूं हूं करायचा.

शेवटचं पान टाइप झालं आणि थोड्याच दिवसांत तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथून ती परत आली नाही. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली होती, “फ्लॉप्या सुधीरच्या हातात द्या. आणि वेबसाइट झाली की जाऊन सगळं वाचा. मी सांगायची तेव्हा तुमचं लक्ष नसायचं.”

“वाचीन गं. सगळं वाचीन,” तो म्हणाला होता.

वाचनालयात सुधीरने फ्लॉपी घातली. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधेच इंग्रजी अक्षरं उमटली. दुसऱ्या फ्लॉपीचीही तीच गत.

“घाबरू नका काका. आपल्याकडचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीचा आहे. काकूंचा कॉम्प्युटर घेऊन येऊ, त्याच्यावर उघडेल.”

“तो आनंदनं नेला,” गुणाजी म्हणाला.

आनंद म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा, डोंबिवलीला राहायचा. तेराव्याला आला होता तेव्हा म्हणाला, मामा, नुसता पडून राहिला तर खराब होईल. गुणाजीला त्या यंत्राकडे बघवत नव्हतं. ने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं डोंबिवलीला गेले. कॉम्प्युटर आनंदच्या टेबलावर होता, शेजारी नवाकोरा प्रिंटर. गुणाजीने वाकून मागे पाहिलं.

“आनंद, मागची डबी रे?”

“ती होय? प्रिंटर लावायला आडवी येत होती, मामा. काढली. आतलंही सगळं जुनं पुसून नवीन टाकून घेतलंय. बघा, कसला पळतोय.”

“काढून कुठं ठेवलीस?”

आनंदने बायकोकडे पाहिलं. “शकू, त्या जुन्या वायरी कुठं आहेत गं?”

“माझ्याकडे काय बघताय?” शकू म्हणाली. “तुम्हीच पिशवी भरून भंगारवाल्याला दिलीत. वर मला म्हणालात, तुझ्या आईकडनं आलेला मिक्सर पण देऊ का.”

आनंद हसायला गेला, पण मामाचा चेहरा बघून थांबला. “काय झालं मामा? महागाची होती का?”

गुणाजीला रागावताही येईना. ने असं तोच म्हणाला होता. शकूने चहा केला. त्याने तो गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला आणि मग एका घोटात पिऊन टाकला.

सुधीरने छापखान्याच्या मालकांना गाठून कंपनीचा पुण्याचा नंबर मिळवला. त्या नंबरवर आता शिवणक्लास होता. बाई चांगल्या बोलल्या, पण त्यांना कंपनीचं काही ठाऊक नव्हतं. मग कुणी तरी विठ्ठलवाडीच्या तानाजीचं नाव सांगितलं. तो म्हणे कसलाही कॉम्प्युटर उघडून देतो. गुणाजी फ्लॉप्या खिशात घालून, वरून हात दाबून धरत तिकडे गेला.

तानाजीने दुपारभर खटपट केली. दुसऱ्या गिऱ्हाइकांना उद्या या म्हणाला. शेवटी खुर्ची मागे सरकवली.

“नाय होत काका. फ्लॉपी चांगली हाय. लिखाण पण आत हाय, एक अक्षर गेलेलं नाय. पण कंपनीनं मुद्दाम असं बांधलंय की त्या डबीशिवाय सुटू नये. चोरी होऊ नये म्हणून.”

“पण माझ्या बायकोनंच लिहिलंय ते.”

“मशीनला काय माहीत बायको कुणाची!” तानाजी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मग फ्लॉप्या कागदात नीट गुंडाळून त्याने गुणाजीच्या हातात दिल्या.

गुणाजी तिथून परस्पर वाचनालयात आला. सुधीरने सगळं ऐकून घेतलं. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला.

“काका, ती पिशवी! पानांचे तुकडे आहेत ना? जोडू आपण. पाडव्याला नाही तर दिवाळीला लावू.”

दहाव्याला गुणाजी चुलतभाऊ गोमाजीच्या होडीतून खाडीत गेला होता. मालनची रक्षा सोडली आणि मागोमाग पिशवीही रिकामी केली. फाटक्या पोथीचे कागद कचऱ्यात टाकायचे नसतात, पाण्यात सोडायचे, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. मालनने जपलेले कागद त्याला पोथीसारखेच वाटले. पुस्तक तर फ्लॉपीत उतरलेलं होतं. ओहोटी होती. तुकडे थोडा वेळ होडीभोवती फिरले आणि रांगेने निघून गेले. मनासारखं झालं म्हणून त्याने हात जोडले होते.

“मी खाडीत सोडले रे,” तो म्हणाला.

पंखा चालू होता, त्याखाली फ्लॉप्यांचा कागद फडफडत होता. मग सुधीरने कीबोर्ड पुढे ओढला.

“काकू तुम्हाला वाचून दाखवायच्या ना? आठवेल तेवढं सांगा.”

“मी काय सांगणार? मी मास्तर हाय काय?”

“सांगा तर खरं.”

गुणाजी सांगू लागला. मिठाच्या होड्या किल्ल्याच्या भिंतीखाली भरतीची वाट बघत थांबायच्या. खाडीत एक मासा मिळायचा, तो आता कुणाला माहीतही नाही. त्याचं नाव मालनने दोनदा वाचलं होतं. नाव काय ते आठवेना. मास्तरांनी कोळ्यांबद्दल लिहिलं होतं की ही माणसं फार मोठ्याने बोलतात. त्यावर मालन पोट धरून हसली होती. पोट दुखत असतानाही हसली होती.

“हे शेवटचं लिहू नकोस,” तो म्हणाला.

“नाही लिहीत. आणखी?”

“माझ्या पणजोबाचं नाव होतं. दामाजी. मालन ओरडली, अहो, लवकर या, तुमचे पणजोबा सापडले! मी टीव्हीवर मॅच बघत होतो. आलो आलो म्हटलं.”

“मग?”

“मॅच संपल्यावर गेलो. ती झोपली होती.”

“काय लिहिलं होतं त्यांच्याबद्दल?”

“मी नंतर विचारलंच नाय.”

पाडव्याला वाचनालयात पेढे वाटले. अध्यक्षांनी भाषण केलं. मग सुधीरने गुणाजीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. गुणाजीने चष्मा पुसून घातला आणि बोट पडद्याजवळ धरून प्रत्येक शब्द वाचला. मिठाच्या होड्या होत्या. नाव नसलेला मासा होता. दामाजी नावाचा एक कोळी होता. सहा ओळी झाल्या.

“खाली आणखी काय हाय?” त्याने विचारलं.

सुधीरने पान वर सरकवलं. खाली मालनचं नाव होतं.