बायाक्काच्या मागाचा निरोप्या

मित्रांनो, मी संगणकातला एक जुना निरोप्या आहे. माझे नाव गेटटेक्स्ट. मला चेहरा नाही, चित्र नाही. काळ्या पडद्यावर माझे नाव लिहून पुढे एखादे इंग्रजी वाक्य दिले, की मी भाषांतराच्या यादीत जातो आणि त्याच अर्थाचे आपल्या भाषेतले वाक्य आणून देतो. यादीत ते नसेल, तर इंग्रजी वाक्य जसेच्या तसे परत करतो. तीसेक वर्षे मी हेच काम करतो आहे.

बेळगावच्या शहापुरात अप्पासाहेबांच्या कारखान्यात संगणकावर चालणारा नवा माग आला. काही अडले की तो आपोआप थांबायचा आणि पडद्यावर कारण सांगायचा, पण इंग्रजीत. बायाक्का तिथे तीस वर्षे साड्या विणत होती. अप्पासाहेब तिला म्हणाले, "बायाक्का, ह्यात सगळं इंग्रजी हाय. तुमास्नी जमायचं न्हाय. तुमी आता कांड्या भरा."

बायाक्का उठली. कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत भरू लागली. पण मान सारखी मागाकडे वळायची.

अप्पासाहेबांची मुलगी मंजुश्री संगणकाची नोकरी करायची. तिला ते बघवेना. तिने मागाच्या संगणकात मला कामाला लावले आणि मराठी यादी लिहायला घेतली. पहिले वाक्य तिने वाचून दाखवले, "उभे सूत्र खंडित झाले आहे."

बायाक्का हसली. "हे कुठलं मराठी गं? ताण्याचा धागा तुटलाय, असं लिव्ह की!"

मग मंजुश्री विचारायची, बायाक्का सांगायची. आठवडाभरात चाळीस वाक्ये झाली. अप्पासाहेब म्हणाले, "सोमवारी एक साडी विणून दावा. जमलं तर माग तुमचा."

सोमवारी सगळे जमले. माग धडधडू लागला. 'कांडी संपली', मी सांगितले. बायाक्काने कांडी बदलली. अर्धी साडी झाली आणि माग पुन्हा थांबला. या वेळी पडद्यावर इंग्रजीच उमटले! बायाक्काचा हात हवेतच राहिला.

"लई जुनं हाय हे. काढून टाका," माग दुरुस्त करणारा मिस्त्री नागराज म्हणाला. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मी तर यादी नीट शोधली होती.

मंजुश्रीने मला काळ्या पडद्यावर बोलावले आणि तेच वाक्य दिले. मी ते तसेच परत केले. तिने ते यादीतल्या वाक्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले आणि एकदम ओरडली, "आक्का, टिंब ऱ्हायलंय!"

मागाच्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम होता, यादीतल्या इंग्रजी वाक्याला नव्हता. माझ्या लेखी ती दोन निराळी वाक्ये! तिने टिंब दिले, यादी पुन्हा संगणकात भरली आणि मला हाक मारली. मी धावत आलो. 'ताण्याचा धागा तुटलाय. उजवीकडं बघा.'

बायाक्का उजवीकडे गेली. बोटांनी चाचपत तुटका धागा शोधला, गाठ मारली आणि बटण दाबले. माग पुन्हा धडधडला! संध्याकाळी साडी उतरली. अप्पासाहेबांनी पदर उलटसुलट करून पाहिला. एकही धागा सुटलेला नव्हता.

"माग तुमचा," ते म्हणाले. "आन् चुकलं माझं."

नागराज डोके खाजवत मंजुश्रीजवळ आला. "ताई, आमची अव्वा, म्हंजी आई, तीबी विणती. तिला कन्नडातनं पायजे. मी लिवून देऊ?" त्याने खरोखर सगळी वाक्ये लिहून दिली. आज शहापूर आणि शेजारच्या वडगावात मिळून अकरा मागांवर मी दोन्ही भाषांत निरोप देतो. माग शिकायला आलेल्या प्रत्येकीला अप्पासाहेब आधी बायाक्काकडे पाठवतात.

मित्रांनो, माझ्याजवळ स्वतःचा एकही शब्द नाही. तुम्ही यादीत ठेवाल तेवढेच मी आणू शकतो. म्हणून घरातल्या, कामातल्या माणसांना त्यांचे शब्द विचारा, जपून लिहा, टिंबासकट लिहा. यादीत कोरी ओळ मात्र ठेवू नका. कुणीतरी मागासमोर हात थांबवून त्या ओळीची वाट पाहत असेल.