अकरा दिवस रांगेत

गुंद गावच्या शाळेमागचा आंबा हात पोचतो तिथवर सोललेला आहे.

रुक्मिणीच्या चंचीत पानं, सुपारी, कात आणि चुन्याची डबी.

'ब्लॉगमधील मते लेखिकेची स्वतःची आहेत. संपादक त्यांच्याशी सहमत असतीलच असे नाही.'

गुंदहून दिग्गीला जाणाऱ्या वाटेवर एक खडक आहे. त्यावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज येते, बसलं की जाते.

मयूरीला सातवा सरत आला आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी.

*

तर, चमत्कार.

खानापूर, बेळगाव, दांडेलीच्या गाड्या भात कापलेल्या शेतात उभ्या. रांग बांधापर्यंत. पुढे पाटावर महाबळेश्वर महाराज, जे वर्षभरापूर्वी रामनगरात मोबाइलची कव्हरं विकत होते आणि तेव्हा त्यांना कुणी महाराज म्हणत नव्हतं. समोर तीर्थाची परात. पाणी स्वच्छ, तळ दिसणारं.

"हात पुढं कर," महाराज म्हणतात. मग तांब्यातला 'वनरस' रोग्याच्या हाताला कोपरापर्यंत चोळतात. "आता तीर्थात धू. काळजातलं पिवळं खाली सोडतोय मी... सोडलं!"

परातीतलं पाणी पिवळं. हळदीसारखं पिवळं. रांगेतून "आऽऽ" उमटतो.

"एकवीस दिवस यायचं. आणि ध्यानात ठेवा, सुई टोचली की उतरलेलं पिवळं पुन्हा डोळ्यांत चढतं. डॉक्टरकडे जायचं तर माझ्याकडे येऊ नका!"

ही अट सोयीची आहे. रोगी बरा झाला तर महाराजांमुळे, नाही झाला तर सुईमुळे.

लागोपाठ आठव्या दिवशी झिलू रांगेत उभा होता. सोबत मयूरी, त्याची मुलगी. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नाचा वास नको. पोटावर हात.

*

सुमंगला गुंदमध्ये बायकांचे गट बांधते, जंगल हक्काचे अर्ज भरून देते. बेळगावच्या एका वृत्तपत्राने आपल्या संकेतस्थळावर 'गावातून' नावाचा कोपरा काढला आहे. जिथे वार्ताहर पोचत नाही तिथल्या कार्यकर्त्यांनी आपलं म्हणणं स्वतः लिहावं, बातम्या वाचणाऱ्यांनी ते वाचावं, अशी थोर कल्पना. सुमंगलाने खडकावर उभं राहून अकरा ब्लॉग लिहिले. रस्ता, एसटी, रिकामी पडलेली डॉक्टरची जागा. वाचक एकूण त्रेचाळीस. त्यात ती स्वतः अकरा वेळा.

त्याच संकेतस्थळावर 'जोयड्याच्या जंगलात कावीळ उतरवणारा अवलिया' वाचणारे एक लाख दहा हजार.

तिने खडकावरून संपादक महेशना फोन लावला.

"साहेब, ती बातमी काढा. इथं एक गरोदर पोर मरंल."

"बाई, आम्ही 'ग्रामस्थांचा दावा' असं लिहिलंय."

"सगळ्यात खाली. मुंगीच्या अक्षरात."

"मग तुम्ही ब्लॉग लिहा की! व्यासपीठ दिलंय तुम्हाला."

"माझ्या ब्लॉगखाली तुम्ही सहमत नसल्याचं लिहिता. अवलियाच्या बातमीखाली ते न्हाई."

 

"मथळा जरा आकर्षक द्या," महेश म्हणाले.

तिने दिला.

*

मीही कावीळ उतरवते! घरच्या घरी, कृतीसह

*साहित्य: आंब्याची आतली साल, पानात खायचा चुना, पाणी.*

*साल ठेचून पाण्यात भिजवा. रस हाताला चोळा, वाळू द्या. हा झाला वनरस. चुना वेगळ्या पाण्यात कालवून ठेवा, वरची निवळी काढून घ्या. हे झालं तीर्थ. आता तीर्थात हात धुवा. पाणी पिवळं होईल. कावीळ असो वा नसो.*

*आमच्या शाळेमागचा आंबा कुणी सोलला, असं मुलं विचारत होती. आता कळलं.*

*कावीळ झालेल्या गरोदर बाईला एक दिवसही घरी ठेवू नका. दवाखान्यात न्या.*

सहा हजार वाचक. प्रतिक्रिया: 'करून पाहिलं. पिवळं! सासूबाईंचंही पिवळं!' 'धर्म बुडवता काय?' 'धर्म बुडवता म्हणणाऱ्याने आधी हात बुडवावा.'

*

अकराव्या दिवशी सकाळी सुमंगला झिलूच्या अंगणात. मोबाइलमध्ये ब्लॉगच्या पानाचा फोटो.

"झिलूदादा, आज तिथं नको. दवाखाना."

"अक्का, पेपरात आलंय महाराजांचं. पेपर खोटं लिहील व्हय?"

"हे बघा. हे बी त्याच पेपरात आलंय."

झिलूने फोटो बघितला. वर वृत्तपत्राचं तेच नाव, तेच चिन्ह. तो गोंधळला.

"दोन्ही पेपरात? मग खरं कुठलं?"

"मग हात धू," ओसरीवरून रुक्मिणी म्हणाली. ही झिलूची वहिनी. तिने चंचीतली डबी काढून चुना तांब्यात कालवला आणि निवळायला ठेवला. परसातल्या आंब्याची साल खरवडून ठेचली. झिलूच्या हाताला चोळली, वाळू दिली. मग निवळी ओतली.

पिवळं.

"अगं आई!" झिलू.

"काय रं, तुला बी कावीळ?"

"न्हाई वैनी! मी ठणठणीत हाय."

"परत चोळते."

परत पिवळं. मग तिने दाव्याला बांधलेल्या म्हशीचा खूर धरला. म्हशीलाही कावीळ निघाली.

"अरे, कात-चुना मी रोज चघळते," रुक्मिणी म्हणाली. "तोंड लाल हुतंय. पन्नास वर्षं माझ्या तोंडात चमत्कार चाललाय, एक जण तरी पाया पडला का?"

मयूरी दारात उभी होती. "बाबा," ती एवढंच म्हणाली, "मला उभं राहवत न्हाई."

चमत्कार पाहायला आलेली खानापूरची एक गाडी तो न बघताच परतत होती. ब्लॉग वाचलेलं कुटुंब होतं. अर्ध्या वाटेत त्यांनी वाचला म्हणे. मयूरी त्याच गाडीतून दवाखान्यात गेली.

बेळगावला डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. "अकरा दिवस कुठं होता?"

"रांगेत," झिलू म्हणाला.

बाळ आठव्यातच आलं, बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. दोघंही आहेत. म्हशीचीही तब्येत उत्तम.

महाराज दुसऱ्या तालुक्यात गेले. आता मुतखडा पाडतात. त्याची बातमी आली आहे. ब्लॉग अजून यायचा आहे, कारण तिथे सुमंगला नाही. प्रत्येक गावात असायला हवी असंही नाही. चुना प्रत्येक घरात असतो. तेव्हा पेपरातलं मानू नका, ब्लॉगमधलं मानू नका, ही गोष्टही मानू नका. करून बघा. जो करून बघू देत नाही, त्याच्या रांगेतून बाहेर पडा.

गेल्या पावसाळ्यात महाबळेश्वर महाराजांना कावीळ झाली होती. ते नऊ दिवस हुबळीच्या दवाखान्यात होते, हाताला सुई लावून.