मनुबाई शुद्धीत बोलली

फळीवरची पितळी घरंगळली आणि खणकन जमिनीवर आपटली. इतका वेळ माना खाली घालून बसलेल्या सातजणी दचकल्या, मग फिसकन हसल्या. लीलाला हायसं वाटलं. पितळी पडली नसती तर त्या तशाच कुंकवाच्या करंड्याकडे बघत बसल्या असत्या.

तिनं म्हटलं होतं ते एवढंच, "मनात जे सलतंय ते एकेकीनं सांगायचं."

अठ्ठ्याहत्तर सालची संक्रांत नुकतीच झाली होती. पलूसजवळच्या त्या गावात मॅट्रिक झालेली सून लीला एकटीच, म्हणून दिवाळीनंतर महिला मंडळानं तिला धारवाडच्या शिबिराला पाठवलं. इकडच्या तरुणांनी आठ दिवस तिकडे जायचं, तिकडच्यांनी आठ दिवस इकडे यायचं, अशी ती अदलाबदल होती, आणि विषय होता मनाची दुखणी. तिथल्या डॉक्टरीणबाई मोडक्यातोडक्या मराठीत सांगायच्या, अंगाला ताप येतो तसं मनही आजारी पडतं, त्यात लाज कसली? बोलणारीला मध्ये तोडू नका, हसू नका. आणि विचारणारीनं आधी स्वतःचं सांगावं, मग दुसरीचं विचारावं. लीलानं सगळं वहीत उतरवून आणलं. परतल्यावर बरोबरीच्या पोरींना शिकवायचं, याच अटीवर तिला धाडलं होतं.

पण सुनांना एका जागी बसू कोण देणार? हळदीकुंकवाला मात्र सासवा अडवत नाहीत, म्हणून लीलानं आपल्या घरी तेच ठेवलं. आणि खरं सांगायचं तर ही सगळी मांडामांड एका मनुबाईसाठी होती. शेजारची मनुबाई तीन महिन्यांची बाळंतीण. पोर झाल्यापासून तिचं बोलणंच आटलं होतं. भाकरी थापता थापता हात पिठात तसेच राहायचे आणि तवा जळत असायचा.

"उखान्यावानी घ्या की गं," बनुबाई म्हणाली. तिचं तोंड सगळ्यांत मोकळं. "नाव घेतो तसं गोल फिरू द्या. लीले, तू घरची बाई, तुझं शेवटाला."

रीत तशीच आहे. घरची बाई नाव शेवटी घेते. डॉक्टरीणबाईंचं सांगणं लीलाला आठवलं, पण ही रीत तिला सोयीची वाटली आणि ती गप्प राहिली.

"माझं सांगू?" बनुबाईनंच सुरुवात केली. "आमचं ध्यान रातभर घोरतंय, आनि सासू म्हनती सूनच घोरती!"

हशा झाला. दुसरीनं माहेरच्या म्हशीची आठवण काढली, तिसरी नुसतीच लाजली. मग मनुबाईची वेळ आली. ती टाळणार, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

"पोरगं रडाय लागलं की मला कायबी वाटत न्हाई," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाचं तरी हाय, आसं वाटतं. आनि पान्याला गेलं की वाटतं, आडाच्या काठावर बसावं. घरी येऊच नये."

कोणी हसलं नाही. लीला तिच्याजवळ सरकली, तिचा हात हातात धरून बसली. मनुबाई पोटभर रडली, आणि मग तिळाचा लाडू मागून खाल्ला. निघताना लीलानं एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत वचन घेतलं, "हितलं बोलनं हितंच." लीलाचं स्वतःचं राहूनच गेलं. कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चुली पेटायच्या आत मनुबाईच्या सासूला, रंगुबाईला, सगळं कळलं होतं.

"मीच सांगितलं," बनुबाई लीलाच्या दारात उभी राहून म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "आडाकडं येकटी सोडू नका तिला, येवढंच सांगितलं. उद्या काय वंगाळ झालं आसतं म्हंजी?"

तिला दोष द्यावा तर कोणत्या तोंडानं? लीला तशीच रंगुबाईकडे धावली, मागोमाग तिची सहा वर्षांची सुलाही.

रंगुबाई नातवाला मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत होती. मनुबाईचं गाठोडं उंबऱ्याशी बांधून ठेवलेलं होतं.

"आवं आत्ती, सांगलीला डाक्टरला दावू. मी येते संगं. आजार हाय त्यो, बरा व्हतो."

"आजार आसता तर अंग तापलं आसतं. बाहेरचं काय आसतं तर औंधाला यमाईम्होरं उभी केली आसती." रंगुबाईनं बोळा वाटीत टाकला. "अंगात येऊन बोलली आसती तर आमीच पाया पडलो आसतो, नारळ फोडला आसता. पर ही शुद्धीत बोलली. शुद्धीत आसं बोलनारीच्या हातात नातू देऊ व्हय? आनि तुमी वो शिकल्याल्या बाई! मनात ठेवलं व्हतं तवर घर तरी व्हतं तिला."

दुपारच्या एसटीनं मनुबाईचा नवरा, गुंडा, तिला कडेगावला, माहेरी, सोडायला निघाला. लीला सुलाचं बोट धरून थांब्यावर गेली. गुंडा लांब उसाच्या बांधावर पाठ करून उभा होता. मनुबाईची चोळी दुधानं भिजली होती. पदर पुनःपुन्हा पुढं ओढून ती ते ओलं झाकत होती.

"लीले, त्यो डाव्या कुशीवर निजतोय. आत्तीला म्हाईत न्हाई. सांगशील?"

"सांगते."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर लीलाला बरं वाटलं असतं.

एसटी गेली. लीला धुळीत तशीच उभी राहिली. सुला दीड महिन्याची होती तेव्हा जोतीराम, लीलाचा फौजी नवरा, लढाईवर होता. एका दुपारी लीलानं सुलाला उसाच्या सरीत ठेवलं होतं आणि मागं वळून न बघता ओढ्यापर्यंत चालत गेली होती. परतली ती कशी, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. काल शेवटाला तेच सांगायचं होतं. ते आधी सांगितलं असतं, तर त्या दोघी झाल्या असत्या. मनुबाई एकटी पडली नसती.

"आये," सुला तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुझ्या मनातलं तू सांगितलंस, तर मला कुनाकडं ठेवत्याल?"