मागच्या सायकलची वेळ

आमच्या घरातली सगळ्यात अरुंद खोली मागच्या बाजूला आहे. आठवड्यातून तीन दिवस माझा मुलगा आणि सून त्या खोलीत बसून डोंगर चढतात.

बसून म्हणजे सायकलवर बसून. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांना सांगते. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि तिथे ट्रेनर नावाचं जड यंत्र जोडायचं. समोरच्या भिंतीवर टीव्ही. टीव्हीत रस्ता, झाडं, पूल आणि तुमच्या नावाचा एक बाहुला. तुम्ही पेडल मारलं की बाहुला पळतो. चढ लागला की यंत्र आपोआप जड होतं आणि मांड्या खरोखर भरून येतात. त्याच वेळी दूरदूरच्या घरांत शेकडो माणसं अशीच घाम गाळत असतात, आणि त्यांचे बाहुले तुमच्या बाहुल्याशेजारून जातात. मला पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा मी विचारलं, "मग पोचता कुठे?"

मुलगा म्हणाला, "आंघोळीला."

तो उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. सूनबाई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करते. सायकलचा नाद मूळचा त्याचा. त्याच्या कामावरचा एक मित्र आहे, त्याला सगळे इंजिन म्हणतात. दोघं आपापल्या घरून जोडीने शर्यतीत उतरायचे. लग्नानंतर दोन वर्षं सूनबाईने बंद दाराबाहेरून ती घरघर ऐकली. मग एके दिवशी दार ढकलून उभी राहिली आणि म्हणाली, "मलाही शिकव. नाहीतर निदान काय चाललंय ते बघायला एक खुर्ची टाक."

खुर्ची टाकण्याइतकी जागा नव्हती. म्हणून दुसरी सायकल आली.

खोलीत दोन सायकली शेजारी शेजारी मावेनात, हँडलं एकमेकांत अडकत. मग एकामागे एक लावल्या. पुढे मुलगा, मागे सून, सगळ्यात पुढे टीव्ही आणि त्याच्याखाली एक उभा पंखा. मुलाला ही मांडणी फारच आवडली. कारण या खेळात दुसऱ्याच्या मागे राहून सायकल चालवली तर वाऱ्याचा आडोसा मिळतो आणि कमी जोर लागतो, अगदी खऱ्या रस्त्यावर होतं तसंच. "पडद्यावर माझ्या मागे, खोलीतही माझ्या मागे," तो म्हणाला. "म्हणजे अंगात भिनेल."

काही महिन्यांत सूनबाईने चांगली पकड घेतली. तिच्यात असा एक गुण आहे, जो मी शाळेत शिकवताना आयुष्यभर मुलांमध्ये शोधत आले. चुकलं की ती चिडत नाही, कुठे चुकलं ते बघते. शिकवणारा मात्र आमचा लिफ्टवाला. त्याला वाटतं, मोठ्याने सांगितलं की समोरच्याला लवकर समजतं.

"ओढ! ओढ! अगं ओढ ना!"

"दोरी आहे का ओढायला?" ती मागून विचारायची.

मग ठरलं, या वेळची जोडीची शर्यत इंजिनबरोबर नाही, बायकोबरोबर करायची. या शर्यतीचा नियम मला फार आवडला. जोडीतला पहिला कधी पोचला याला काही किंमत नाही. दुसरा पोचेल ती जोडीची वेळ. आणि दोघांत ठरावीक अंतरापेक्षा जास्त फट पडली तर जोडी बाद.

शेवटी एक लांबलचक चढ होता. सरावात त्या चढावर सूनबाई प्रत्येक वेळी सुटायची. सुरुवातीचा रस्ता झकास जायचा आणि चढाच्या मध्यावर तिचा बाहुला मागे पडू लागायचा. गंमत अशी की खोलीत नवरा हाताच्या अंतरावर, आणि पडद्यावर दिसेनासा.

"एका खोलीत राहून बायकोला टाकून जाणारा नवरा मी पहिल्यांदाच बघतेय," ती धापा टाकत म्हणाली.

तो हसला, पण ती हसली नाही. टॉवेलने तोंड पुसत शांतपणे म्हणाली, "हे बघ, रविवारी शर्यतीत सुटले तर पुढच्या वेळेपासून तू इंजिनबरोबर जा. मी रागाने सांगत नाही. माझ्यामुळे तुझा खेळ बिघडला तर थोड्या दिवसांनी तुला तो नकोसा होईल, आणि मग मीही."

"काहीतरीच काय बोलतेस!" तो म्हणाला. तो उठून यंत्राचा पट्टा तपासत बसला. काही सुचलं नाही की तो नेहमी कुठला तरी पट्टा तपासतो.

दुसऱ्या दिवशी त्याला संध्याकाळी अचानक कामावर जावं लागलं. सूनबाई एकटीच सरावाला बसली. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली. घामाने निथळत होती, पण चेहरा पडलेला.

"काय गं, पुन्हा सुटलीस?"

"नाही आई. चढले. सगळा चढ चढले."

"मग तोंड का असं?"

ती माझ्यासमोर बसली. "तो नव्हता म्हणून चढले. पडद्यावर आडोसा द्यायला कोणी नाही, तरी चढले. तो असला की जमत नाही आणि नसला की जमतं. आता हे त्याला कसं सांगू?"

मला तिची काळजी समजली. जे नवऱ्याबरोबर करायचं म्हणून शिकली, ते नवऱ्याशिवायच जमतंय असं वाटणं वाईटच. मी म्हटलं, "त्याच्या ओरडण्याने होत असेल."

"ओरडण्याची सवय आहे हो मला. दिवसभर लहान मुलांचं रक्त काढते." ती बोलता बोलता थांबली. मग उठली. "आई, एक मिनिट येता का? एक चादर घेऊन."

कशाला म्हणून विचारण्याआधीच तिने मला खोलीत नेलं. स्वतः मागच्या सायकलवर बसली, आणि मला पुढच्या सायकलजवळ चादर पसरून उभं केलं. "अशीच धरा. माणूस बसल्यासारखी." मी दोन्ही हात पसरून उभी. वय सत्तरीच्या घरात, अंगावर घरातली साडी, हातात पलंगावरची चादर, आणि मागे सून पेडल मारतेय. कोणी पाहिलं असतं तर आम्हा दोघींना दवाखान्यात पोचवलं असतं.

"आता काढा," ती थोड्या वेळाने म्हणाली. मी चादर खाली केली. "आता पुन्हा धरा." मी धरली. असं तिने चार-पाच वेळा केलं. यंत्राचा जोर तोच, चढ तोच, एका वेळी फक्त एकच गोष्ट बदलायची. वर्गात मुलांना हे पटवून द्यायला मला वर्षं लागायची, आणि ही कोणी न सांगता करत होती.

मग ती थांबली आणि हसायलाच लागली. "पंखा, आई! त्याच्या पाठीमुळे मला वाराच लागत नाही. पाय दमत नाहीत माझे. मी उकडून निघते!"

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, "पडद्यावर तुझा आडोसा मला तारतो आणि खोलीत तुझीच पाठ मला भाजून काढते."

त्याने घास हातातच धरला. "एवढे दिवस?"

"एवढे दिवस."

"आणि मी तुला ओढ ओढ म्हणत होतो."

"त्याचा हिशोब वेगळा करू."

दुसरा पंखा लावावा असं मी सुचवलं. पण खोलीत विजेचा एकच बोर्ड आहे, आणि त्यावर टीव्ही, दोन यंत्रं आणि एक पंखा आधीच लोंबकळत होते. विजेच्या बाबतीत मुलगा आपल्या बापाचंही ऐकत नसे. "त्या बोर्डावर आता मोबाईलही लावायचा नाही," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच सायकलींच्या जागा बदलल्या. खोलीत सून पुढे, तो मागे. पडद्यावर मात्र तोच पुढे राहून आडोसा देणार.

"तुला उकडेल," ती म्हणाली.

"मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस. मला काय उकडतंय!"

रविवारी सकाळी मी दाराशी स्टूल टाकून बसले. सगळ्या जोड्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून फोन कपाटावर ठेवला होता. त्यातून इंजिनचा आवाज आला. त्याने या वेळी दुसरा भिडू घेतला होता.

"काय वहिनी, आज कुठल्या वळणावर सुटणार?"

"सुटले तर कळवते. तुम्ही मागे वळून बघायला थांबू नका."

"थांबणाऱ्यातले आम्ही नाही."

"ते माहीतच आहे. म्हणून तर या वेळी नवा भिडू शोधावा लागला."

फोनमधून चार-सहा जणांचं हसणं आलं, आणि शर्यत सुटली.

सुरुवातीचा सपाट रस्ता छान गेला. मुलगा मागून अखंड बोलत होता. "पूल येतोय... माझ्या डावीकडे राहा... त्या हिरव्या शर्टाच्या मागे लागू नकोस, तो आता दमणार आहे." हिरवा शर्ट खरोखरच दमला. चढ लागला, यंत्रांचा आवाज खाली उतरला. सूनबाईच्या कपाळावरचे केस पंख्याने उडत होते आणि तिचा बाहुला नवऱ्याच्या बाहुल्याला चिकटून चालला होता. नेहमीची सुटायची जागा आली आणि गेली. मी स्टुलावर पुढे सरकले.

त्यानंतर थोड्या वेळाने खोलीत काहीतरी बदललं. काय ते मला लगेच कळलं नाही. तिला कळलं.

"बोल," ती म्हणाली.

मागून उत्तर नाही.

"अरे, बोलत का नाहीस?"

"चालू... आहे."

मी मुलाकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, नजर कुठेच नाही. त्याच्या हनुवटीवरून घाम धारेने हँडलवर पडत होता. पडद्यावर त्याचा बाहुला पुढेच होता, पण त्याची गती तुटक झाली होती. सूनबाईला मागे बघता येत नव्हतं. तरी तिला कळलं, कारण तिच्या खुर्चीवर रोज माणसं बसतात, आणि जो चक्कर येऊन पडणार असतो तो आधी बोलायचा थांबतो. हे तिने मला नंतर सांगितलं.

"मी पुढे येते. तू माझ्या मागे लाग."

"नको... तू... सुटशील."

"मागे लाग म्हटलं ना!"

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. तिच्या प्रयोगशाळेतला असणार. पडद्यावर तिचा बाहुला बाजूने सरकला आणि नवऱ्याच्या पुढे गेला. मला धास्ती वाटली की आता ती जोशात पुढे निघून जाईल आणि फट पडेल. नवशिक्याला पुढे केलं की तो पळतो, हे मी शाळेच्या मैदानावर शेकडो वेळा पाहिलं आहे. पण ही पळाली नाही. इतके दिवस मागे राहून, सुटून, पुन्हा धरून ती जे शिकली होती ते सगळं तिच्या पायांत होतं. मागच्याला कुठे त्रास होतो, पुढच्याने एक झटका दिला की मागच्याला किती महाग पडतो, हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणाला माहीत होतं? ती अगदी एकसारखं पेडल मारत राहिली.

"त्या पांढऱ्या दगडापर्यंत," ती म्हणाली. दगड गेला. "आता त्या झाडापर्यंत. तेवढंच. पुढचं मी सांगते."

एकदाही ओढ म्हणाली नाही.

मग तिने एक गोष्ट केली. कोपरं वाकवून ती खाली गेली, आणखी खाली, इतकी की छाती जवळजवळ हँडलला टेकली. असं बसून चढ चढणं किती कठीण असतं ते मला त्यांच्याच बोलण्यातून माहीत होतं, श्वासच पुरत नाही. मला वाटलं ती कोसळतेय. मी उठणार, तेवढ्यात मुलाचे केस हलले. पंख्याचा वारा तिच्या पाठीवरून थेट त्याच्या तोंडावर जात होता. पडद्यावर ती त्याला आडोसा देत होती आणि खोलीत वारा.

झाडामागून झाड गेलं. वरची, शर्यत संपायची कमान आली. तिचा बाहुला आत गेला आणि लगेच मागून त्याचाही.

इंजिन आणि त्याचा भिडू केव्हाच पोचले होते. आमची जोडी यादीत कुठेतरी मध्यावर लागली. यंत्रं थांबली तसं मी मुलाच्या हातात पाणी दिलं आणि त्याला तिथेच जमिनीवर बसवलं. सूनबाई सायकलवरून उतरली आणि पहिल्यांदा त्याच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली.

कपाटावरून इंजिनचा आवाज आला. "वहिनी, पोचल्यावर मी पडद्यावर सगळं बघत होतो बरं का. शेवटचा चढ तुम्ही नेलात. पुढच्या वेळी माझ्या जोडीला येता का?"

"जागा... भरली आहे," मुलगा जमिनीवरून म्हणाला.

"तुला कोण विचारतंय! तुझी-माझी जोडी तर जुनी झाली."

"तुझं तू बघ," मुलगा म्हणाला, आणि मला खुणेने फोन बंद करायला सांगितलं.

सूनबाई त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. पाय लांब करायला जागा नव्हती, म्हणून तिने ते त्याच्या पायांवर टाकले.

"मी पुढे आल्यावर फट किती पडली होती?" तिने विचारलं. "वाकल्यामुळे मला बघता आलं नाही."

"मला काय माहीत?"

"तू मागे होतास ना! समोर आकडा दिसतो."

"मी टीव्हीकडे बघतच नव्हतो," तो म्हणाला. "तुझ्या पाठीकडे बघत होतो. म्हटलं, ही जोवर हलतेय तोवर आपणही हलायचं."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. "बुधवारी सराव," ती म्हणाली. "आणि चढ मी नेणार. तू मागून बोलत राहा. बोलायचं थांबलास की उतरवून ठेवीन."

टॉवेलच्या आतून तो म्हणाला, "काय बोलू?"

"काहीही. लिफ्टबद्दल बोल."

तो तिथल्या तिथे सुरू झाला. कालच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच कशी अडकली होती, आणि आत अडकलेल्या बाईंनी त्याला दारामागून कशा सूचना दिल्या. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मधूनमधून हं म्हणत होती.