मी उसवलेले टाके

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. तुमच्या कंपासपेटीत असते तशी नव्हे. मला बोटं घालायला कड्या नाहीत. मुठीत धरून दाबलं की मी मिटते, सोडलं की उघडते, आणि एवढ्याशा तोंडाने फक्त धागा कापते. शिवणाच्या कारखान्यात मला कटर म्हणतात. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा स्वतःवर झालेला अन्याय सांगतात, गंज, अडगळ, धूळ वगैरे. माझी तशी काही तक्रार नाही. माझ्यामुळे एका म्हातारीचं नुकसान झालं, ते सांगायला मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म मेरठचा. तिथे एका कारागिराने मला तापवलं, घासलं, धार दिली, आणि डझनभर बहिणींबरोबर खोक्यात बसवून नवी मुंबईला पाठवलं. शिरवण्याजवळ परदेशी जाणारे शर्ट शिवणारा एक कारखाना होता. तिथे मी शर्मिला नावाच्या बाईच्या हाती पडले. शर्मिला चेकर होती. शिवून झालेला प्रत्येक शर्ट तिच्या टेबलावर यायचा. ती तो उलटासुलटा करून बघायची, लोंबणारे धागे माझ्याकडून कापून घ्यायची, आणि शिवण चुकली असेल तिथे लाल बाणाचं स्टिकर चिकटवायची. बाण लागलेला शर्ट परत मशीनवर जायचा.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी काखेत उसवलेला एक शर्ट तिच्या नजरेतून सुटला. तो समुद्रापार पोचला आणि तिकडून त्याचा फोटो आला. दिनानाथ नावाचे सुपरवायझर होते, त्यांनी तो फोटो सगळ्या बायकांसमोर धरला आणि शर्मिलाला शेजारी उभं केलं. ते ओरडले नाहीत. "हा पीस हिने पास केला," एवढंच म्हणाले. मी तिच्या मुठीतच होते. तिने मला इतकं घट्ट दाबलं की माझी पाती कितीतरी वेळ उघडली नाहीत.

त्यानंतर सतरा वर्षांत तिच्या टेबलावरून एकही चुकलेला शर्ट पुढे गेला नाही. तिचं कौतुक झालं, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं, आणि तिच्याबरोबर मीही फुशारले. चूक सापडली की धाग्यावर माझा 'च्' असा आवाज व्हायचा. तो आवाज मला फार आवडायचा. हे आत्ताच कबूल केलेलं बरं.

कारखान्यात नवी कटरं आली तेव्हा शर्मिलाने मला रीतसर मागून घरी आणलं. नेरूळला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नवरा अंकुश, मुलगी संघप्रिया आणि सासू चांगुणाबाई, असं तिचं घर. रविवारी शर्मिलाला काहीतरी हाताने करायची भारी हौस. तिने लोकरीचं तोरण विणायला घेतलं. उशीच्या अभ्र्यावर मोर भरायला घेतला. पण एक पान दुसऱ्यापेक्षा गव्हाएवढं मोठं झालं की तिला चैन पडेना. मग ती मला उचलायची आणि आम्ही सगळं उसवून टाकायचो. दिवाणाच्या कप्प्यात अर्धवट कामांची एक पिशवी होती, ती वर्षागणिक फुगत गेली. "मम्मी, मोराला पाय माझ्या लग्नाआधी येतील का," असं संघप्रिया विचारायची. तिचं लग्न होऊन ती नावड्याला गेली, तरी मोर आपला अधांतरीच.

मग संघप्रियाला दिवस गेले, आणि चांगुणाबाईंनी गोधडी शिवायची ठरवली.

चांगुणाबाई मूळच्या मराठवाड्याकडच्या. त्यांच्याकडे बाळाला नव्या कापडात गुंडाळत नाहीत. वापरून वापरून मऊ झालेलं घरचंच कापड हवं. विहारात वंदनेला नेसायचं त्यांचं पांढरं लुगडं, किती वर्षांचं ते त्यांनाच ठाऊक, त्यांनी आतल्या थराला काढून दिलं. गोधडी कडेकडेने शिवत न्यायची आणि फिरत फिरत मध्यावर संपवायची. अशा कितीतरी गोधड्या त्यांनी आयुष्यात शिवल्या होत्या. पण आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर रोज दोनदा थेंब टाकायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या स्वतःच्या हाताने थेंब टाकायच्या. सुई मात्र त्यांना ओवता येत नव्हती. म्हणून शर्मिला कामावर जाण्यापूर्वी बारा सुया ओवून एका उशीत टोचून ठेवायची, आणि चांगुणाबाई दिवसभर गॅलरीत बसून अंदाजाने टाके घालायच्या.

पहिल्या संध्याकाळी शर्मिला कामावरून आली आणि तिने गोधडी उचलली. ओळ वाकडी होती. एक टाका तांदळाएवढा तर दुसरा वालाएवढा. चांगुणाबाई शेजारच्या पुतळाबाईंबरोबर विहारात वंदनेला गेल्या होत्या, त्यांना यायला तास होता. शर्मिला म्हणाली, "बाळाच्या अंगावर असं?" आणि तिने मला उचललं.

च्. च्. च्. सासूने दिवसभरात घातलेली ओळ आम्ही पाच मिनिटांत उसवली. मग शर्मिलाने त्याच जागी, त्याच रंगाच्या दोऱ्याने, पट्टीने आखावी तशी नवी ओळ घातली. तिला वाटलं, आपण मदत केली. मला काय वाटलं विचाराल, तर मला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चांगुणाबाई विहारात डोळे मिटून हात जोडत होत्या आणि आम्ही घरात त्यांचा दिवस पुसत होतो.

पंधरा दिवसांनी चांगुणाबाई फोनवर नातीशी बोलताना मी ऐकलं. "पोरी, माजा हात आजून गेला न्हाई बग. बोट फिरवून बगितलं, टाकं सरळ लागायलेत. डागदराला काय कळतंय, मला नीट दिसायलंय आता." त्यांच्या आवाजात असा आनंद होता की स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या शर्मिलाचा हात थांबला. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण तिची जीभ रेटेना. आज नको, उद्या सांगू. उद्या पुतळाबाई बसलेल्या होत्या. परवा अंकुशला सुट्टी होती. असे दिवस गेले, आणि रोज संध्याकाळी तिने मला हातात घेतलंच. आता मला तो आवाज नकोसा वाटायला लागला होता. माझी पाती सैल व्हावीत, स्प्रिंग तुटावी, असं मनात यायचं. काही तुटलं नाही. मेरठचा माल पक्का.

डोळ्यांच्या तपासणीचा दिवस आला. चांगुणाबाईंनी डॉक्टरांना दाखवायला म्हणून गोधडी पिशवीत घेतली, तिच्या घडीत मीही गेले. डॉक्टरांनी यंत्राने डोळे बघितले, पुन्हा बघितले, आणि विचारलं, "आजी, थेंब रोज टाकता ना?"

"सोडलं की दोन म्हैनं झालं," चांगुणाबाई म्हणाल्या. "लई झोंबतंय. आन आता काय गरज?" त्यांनी गोधडी काढून डॉक्टरांच्या टेबलावर पसरली. "ह्ये बगा. दिसल्याबिगर आसं टाकं पडतेत का?"

डॉक्टरांनी टाके बघितले. "काम फार सुंदर आहे, आजी. पण डाव्या डोळ्याची नजर खूप गेली आहे. ती आता परत येणार नाही. टाके सरळ पडतात म्हणजे डोळे सुधारले, असं नसतं हो."

शर्मिला खुर्चीच्या मागे उभी होती. शर्टाच्या शिवणीतला अर्धा सुटलेला धागा हेरणाऱ्या या बाईला, घरातली थेंबांची बाटली दोन महिने संपली नाही, हे दिसलं नव्हतं.

"डॉक्टर, ते टाके माझे आहेत," ती म्हणाली. मग सासूकडे वळली. "आत्याबाई, तुमी विहारात गेलात की मी उसवायचे. आणि परत शिवायचे."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"समदे?"

"सगळे."

चांगुणाबाईंनी गोधडीची कड बोटांनी चाचपली, आणि सावकाश घडी घातली. रिक्षा घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हंजी ह्यात माजा यक बी टाका न्हाई."

त्या दिवसापासून शर्मिला रोज दोनदा त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकू लागली. चांगुणाबाई निमूट चेहरा वर करायच्या, थेंब पडले की भिंतीकडे वळायच्या. अंकुशने मध्ये पडून पाहिलं, त्याच्याशीही त्या मोजकंच बोलल्या. गोधडी कपाटात गेली, मध्यावर हातभर जागा रिकामी तशीच. तीन आठवड्यांनी संघप्रियाला मुलगी झाली. नामकरण पंधरा दिवसांवर आलं.

एका रविवारी दुपारी शर्मिलाने गोधडी बाहेर काढली. तिला वाटलं, आपले सगळे टाके काढून टाकावेत, म्हणजे सासूला पहिल्यापासून शिवता येईल. केलेलं कसं निस्तरायचं, याचा तिला हा एकच मार्ग ठाऊक होता. तिने मला उचललं. एकदाच 'च्' झालं.

"ठिव ती कात्री," गॅलरीतून चांगुणाबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत स्वतःहून बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"आत्याबाई, तुमचे टाके पायजेत ह्यात. माझे काढून टाकते."

"पुन्ना उसवनारच का? तुला दुसरं काई येतंय का न्हाई?" त्या चाचपडत आत आल्या आणि हात पुढे केला. "आन ती हिकडं."

शर्मिलाने मला त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी मला कमरेच्या कापडी पिशवीत टाकून नाडी ओढली. मग गोधडीच्या एका बाजूला त्या बसल्या आणि दुसऱ्या बाजूला तिला बसायला सांगितलं. "सुई दे वऊन," म्हणाल्या.

दोघी दोन बाजूंनी मध्याकडे शिवत निघाल्या. रोज संध्याकाळी, विहारातून आल्यावर. चांगुणाबाईंची ओळ नागमोडी जायची, आणि ती बघताना शर्मिलाचा हात सवयीने मला शोधायचा. पण मी नव्हते, त्यामुळे तिला मागे जाता येत नव्हतं. स्वतःचा चुकलेला टाकाही सोडून पुढे जावं लागत होतं. पहिले दोन दिवस ती कुढली. तिसऱ्या दिवशी तिने सासूला विचारलं, की गावाकडे पोरी पहिला टाका कुणाकडून शिकतात. चांगुणाबाई सांगत बसल्या. गप्पांत शर्मिलाच्या दोन ओळी वाकड्या गेल्या आणि तिला ते ओळ संपल्यावर कळलं.

शेवटच्या दिवशी दोघी मध्यावर आल्या आणि तिथे कापडाची बोटभर चुणी पडली. दोन हातांची ओढ वेगळी, तेव्हा ती पडणारच.

"आत्याबाई, कात्री द्या जरा."

"कामून?"

"मधोमध चुणी आलीय."

"लेकराला टोचंल का?"

शर्मिलाने चुणीवरून बोट फिरवलं, मग गाल टेकवून पाहिला. "नाही टोचणार."

"मग शिव."

शर्मिलाने त्या चुणीवरून टाका घातला. इतक्या वर्षांत तिने जाणूनबुजून पुढे जाऊ दिलेली ही पहिली चूक. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चालू होता. पिशवीत अंधार होता, तरी मला ते तिच्या नाक ओढण्यावरून कळलं.

नामकरण नावड्याला संघप्रियाच्या घरी झालं. वंदना झाली, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी खीर वाढली, आणि गोधडीत गुंडाळलेलं बाळ पणजीच्या मांडीवर आलं. चांगुणाबाईंनी मान इकडे तिकडे वळवून बघितलं. मग शर्मिलाला जवळ बोलावलं.

"कशी हाय गं? खरं सांग. सरळ करून सांगू नगंस."

शर्मिला वाकली आणि नीट बघून एकेक सांगू लागली. "सावळी आहे. नाक बसकं आहे. केस एकाच बाजूला आहेत. डावा कान वरून दुमडलाय."

"मम्मी, काय गं," संघप्रिया म्हणाली.

चांगुणाबाईंनी बोटांनी तो डावा कान शोधला. दुमड सापडली. त्यावर बोट ठेवून, दुसऱ्या हाताने शर्मिलाचा हात धरून त्या म्हणाल्या, "हाय खरं." दोघींत समेट झाला तो त्या क्षणी. पण मी त्यांच्या कमरेला होते, आणि मला ठाऊक होतं, की थेंब सुटले नसते तर तो कान त्यांना स्वतःला दिसला असता.

मित्रांनो, मी आजही त्याच पिशवीत असते. शर्मिला आता रविवारी अभ्रे भरते, आणि ते पुरे होऊन उशांवर चढतातही. मला फक्त गाठ मारल्यावर उरलेलं टोक कापायला बाहेर काढतात. डाव्या बाजूने कुणी जवळ आलं की चांगुणाबाई दचकतात, आणि दर वेळी मला माझा तो आवाज आठवतो. तुमच्या घरी कुणाचं काम तुम्हाला वाकडं वाटलं, आजीची रांगोळी म्हणा, धाकट्या बहिणीचं चित्र म्हणा, तर त्या माणसाजवळ बसा आणि तोंडाने सांगा. सांगायचा धीर होत नसेल तर ते आहे तसं राहू द्या. पण पाठीमागे माझ्यासारखीला हातात घेऊ नका. मला नाही म्हणता येत नाही.