शेजाऱ्याचे जोडे

सलग तिसऱ्या जत्रेत गुंडा सोंगाड्याचा हशा चोरीला गेला. कंजूष आबा शेजाऱ्याचे जोडे घालून देवळाला जातो, ही त्याची हुकमी गोष्ट. पण तो "का म्हणाल, तर" म्हणतोय तोच पब्लिकनं पुढचं ओरडून टाकलं, "गेले तर त्याचे, ऱ्हायले तर माझे!"

फडाची मालकीण चंद्राबाई पान चघळत एवढंच बोलली, "उद्याबी असंच झालं, तर सोंगाड्याची टोपी फडातल्या धनाजीला." बारा वर्षं त्याच टोपीवर गुंडाचं घर चाललं होतं.

घरभेदी कोण? संशय बसला ढोलकीवाल्या रहिमानवर. नेमकी ती गोष्ट काढली की हा मध्येच एक आगंतुक थाप हाणायचा. शिवाय रोज दिवेलागणीला, कुणाला न सांगता, गायब. दुसऱ्या फडाला गोष्टी पुरवत असणार!

दुसऱ्या दिवशी गुंडा त्याच्या मागावर निघाला. रहिमान मिठाईची पालं ओलांडून, कोयनेच्या नव्या विजेच्या दिव्याखालून थेट देवळाकडं गेला अन् मंडपाबाहेर कनातीला टेकून बसला. आत कीर्तन रंगलं होतं. चिपळ्या थांबवून बुवा म्हणाले, "गेले तर त्याचे, राहिले तर माझे! अहो, हा देह तरी कुणाचा? त्यानं वापरायला दिला, आणि आपण म्हणतो माझा!" मंडप खदखदून हसला, हसता हसता डोळे पुसू लागला.

गुंडानं रहिमानची मानगूट धरली. "बुवालाच इकलीस व्हय रं माझी गोष्ट?"

"हळू बोल गड्या! पंचवीस वर्सं सांगत्यात ते. औंदा आपल्याच जत्रा धरल्यात. आज कुठली सांगत्यात, ते बघाय येतो मी. आता गोडीबी लागलीया."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"तुझी गोष्ट शिळी, असं तुला सांगून मार कुणी खायचा? तीन जत्रा थाप देतोय, थांब म्हणून. तू ऐकतोस कुठं!"

गुंडाची पकड सुटली. आईच्या मांडीवर पेंगत ही गोष्ट ऐकली, तो हाच बुवांचा आवाज. आता जरा चिरकला होता, एवढंच.

रात्री त्यानं मुद्दाम तीच गोष्ट काढली. थाप पडली. गुंडा थांबला, ढोलकीपुढं हात जोडून म्हणाला, "ऐकलं बाबा, आज ऐकलं!" मग पब्लिककडं वळला. "मंडळी, ते जोडे देवळातल्या बुवांचे. बारा वर्सं मीच घालून हिंडतोय, अन् चोर म्हणून ह्या रहिमानच्या मागं फिरलो!"

हशानं तंबू हलला. पडद्याआड धनाजी रंग लावून तयार बसला होता. चंद्राबाई त्याला म्हणाली, "जा, तोंड धू."